एरंडेलाचा डाग

७ जानेवारी २०२५, मंगळवार

ही डायरी सुपरमार्केटवाल्याने फुकट दिली. बेव्हर्लीला देऊ केली तर म्हणाली, "नोबडी राइट्स, डॅड." वय बारा, पण बोलणं एचआर मॅनेजरसारखं. माझी बायको अ‍ॅलिस म्हणाली, लाँड्रीचे कपडे लिहायला ठेवू. मी म्हटलं, नको, यंदा मीच लिहिणार. यंदा लिहिण्यासारखं काहीतरी घडलंय.

आजपासून मी स्टोअरकीपर नाही. दुबईत अल क्वोजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. तेरा वर्षं मी तिथे खिडकीतून नट-बोल्ट आणि ग्रीसचे डबे दिले. आता मला स्वतःचं टेबल मिळालंय, स्वतःचा बर्नर, आणि समोर १९०८ सालची फ्रेंच रेसिंग कार. चार सिलिंडर, दोन-दोनच्या जोडीत ओतलेले. एकेका सिलिंडरमध्ये तीन लिटर दूध मावेल. मागच्या चाकांना सायकलसारखी चेन, पण मनगटाएवढी जाड. चाकं लाकडाची आणि पुढे ब्रेकच नाहीत. दोन सीटं उघड्यावर, एक चालवणाऱ्याचं आणि दुसरं मेकॅनिकचं. त्या काळी मेकॅनिक शर्यतभर शेजारी बसून हातपंपाने इंजिनला तेल पाजत असे. लोक अशा गाड्या ताशी शंभर मैल वेगाने पळवायचे. देवावर फारच विश्वास असणार.

या इंजिनात पिस्टनचा दांडा जिथे क्रँकला धरतो, तिथलं बेअरिंग बाजारात मिळत नाही, ते हाताने ओतावं लागतं. काशाच्या अर्ध्या वाटीसारखा तुकडा असतो. त्याला आतून कल्हई करायची आणि वर वितळलेलं व्हाइट मेटल, म्हणजे कथिलाचा मऊ मिश्रधातू, ओतायचं. दोन वाट्या जोडल्या की एक बेअरिंग, म्हणजे चार सिलिंडरांच्या आठ वाट्या. हे करणारे गोरे साहेब डिसेंबरमध्ये कंबरेच्या दुखण्याने मायदेशी गेले. आमचे मॅनेजर सदानंद सर, पुण्याचे, यांनी मीटिंगमध्ये विचारलं, कुणाला येतं का. मी म्हणालो, "सर, मी पप्पांच्या हाताखाली दहा वर्षं हेच केलंय."

इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. पप्पांनी नायगावच्या खाडीवर चाळीस वर्षं मच्छीमार बोटींच्या इंजिनांची बेअरिंगं ओतली. मी त्यांना डबा नेऊन द्यायचो. पंधराव्या वर्षी एकदा पळी हातात घेतली, पाय भाजून घेतला आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. पुढे टर्नरचं आयटीआय केलं, तेही त्यांच्या आग्रहाने. शाळेत पालकांची सभा असली की मी त्यांना तारीख सांगायचो नाही, कारण त्यांची नखं काळी असायची.

११ जानेवारी, शनिवार

दोन दिवस भंगारातल्या वाट्यांवर हात बसवला. वाटतं तेवढं अवघड नाही. मेटलमध्ये लाकडाची काडी बुडवायची, ती तपकिरी झाली की तापमान बरोबर. पप्पांचं असंच असायचं. ते ओतायला लागले की शेडमध्ये सगळे गप्प, नाखवा असो नाहीतर फादर. धार एकदा सुरू झाली की थांबवायची नाही, नाहीतर आधीचा थर निवतो आणि मेटल वाटीला धरत नाही. मग वाटी तारेला टांगून हलक्या हातोडीने वाजवायची. पक्की असेल तर घंटेसारखी वाजते. नसेल तर फुटक्या मडक्यासारखी बद्द. वाजवल्यावर पप्पा मोठ्याने सांगायचे, "पक्की", किंवा "बद्द". बद्द आली तर बोटीचा मालक समोर उभा असतानाच सांगायचे, आणि पुन्हा ओतायचे.

अ‍ॅलिस म्हणते, पप्पांना फोन करून विचार ना. पप्पांना आता ऐकू येत नाही, इंजिनांनी कान खाल्ले. शिवाय दहा वर्षं काम केलेल्याने काय विचारायचं?

१६ जानेवारी, गुरुवार

आज सगळ्या वाट्या ओतल्या.

पहिल्या पाच उत्तम झाल्या. टांगून वाजवल्या तर एकीसारखी दुसरी. मधू तार धरून उभा होता. मधू म्हणजे इंजिनांचा मुख्य मेकॅनिक, कोल्लमचा. अजमानमध्ये आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतो आणि गेली आठ वर्षं रोज माझ्या गाडीने कामावर येतो. बोलतो कमी. प्रत्येक वाटी वाजली की मान हलवायचा.

सहावीला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या वाटीला, सदानंद सर कॅमेरेवाल्याला घेऊन आले. आमच्या पेजवर टाकायला व्हिडिओ हवा होता. ओतायला सुरुवात केली तोच तो म्हणाला, सर, वन सेकंड, इकडे बघा, स्माइल. आणि मी बघितलं. पळी वर धरली आणि हसलो. दोन सेकंद असतील, तीन असतील. मग उरलेलं ओतलं.

गार झाल्यावर टांगली, वाजवली. बद्द.

परत वाजवली. मधू माझ्याकडे बघत होता. कॅमेरा चालू होता. सदानंद सरांनी विचारलं, "ओके ना?"

मी म्हणालो, "ठीक आहे."

१७ जानेवारी, शुक्रवार

काल टांगलेली वाटी कदाचित पुरती गार झाली नसेल. कोमट वाटी तशीच वाजत असेल.

मधू आज सकाळी येऊन म्हणाला, भाई, भांड्यात मेटल उरलंय, मला दुपारी काम नाही, एखादी परत ओतायची असली तर मी बर्नर धरतो. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, ऐसे ही. हा माणूस ऐसे ही काही बोलत नाही. त्याला माझं टेबल डोळ्यात खुपतंय. तेवीस वर्षांच्या नोकरीत जे त्याला मिळालं नाही ते स्टोअरवाल्याला मिळालं, तर राग येणारच.

व्हिडिओ मस्त झालाय. अ‍ॅलिसने वसईच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

१९ जानेवारी, रविवार

चर्चहून आल्यावर पप्पांचा व्हॉइस मेसेज. ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडून बोलतात, अख्ख्या घराने ऐकलं. "इग्नेस, विडिओ बघितला. हात बरा आहे. पण मध्ये धार तुटली रे तुझी. पुन्हा ओतली ना?"

अ‍ॅलिसने विचारलं, धार तुटली म्हणजे काय? मी म्हटलं, काही नाही, म्हातारपणी माणसाला सगळ्यात खोट दिसते.

पप्पांना अंगठा पाठवला. नुसता अंगठा. तो खाली येऊन बसला तसा मला तो बघवेना, मी फोन उलटा ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२८ जानेवारी, मंगळवार

आज इंजिन सुरू झालं. हँडल फिरवायला दोघं लागले. एकेक ठोका वेगळा ऐकू येतो, मोठा माणूस जिना उतरतो तसा. अरबाब स्वतः आले होते. वर्कशॉपही त्यांचं आणि गाडीही. मिशी पांढरी झालीय पण गाडीजवळ आले की लहान मुलासारखे होतात. माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "तुम्हारा बाप का काम, माशाल्ला."

तेल एरंडेलाचं आहे. त्या काळी रेसिंग गाड्यांना हेच घालत. तापलं की गोडसर धूर सुटतो. लहानपणी आई नाक दाबून पाजायची तोच वास, मी दोन पावलं मागे सरलो. मधू हसला आणि म्हणाला, शर्यतीनंतर जुने मेकॅनिक थेट संडासात पळायचे.

तिसरा सिलिंडर बाकीच्यांसारखाच चालतोय. म्हणजे मी उगाच काळजी करत होतो. जूनमध्ये गाडी इंग्लंडला टेकडीवरच्या शर्यतीला जाणार आणि मेकॅनिकच्या सीटवर मधू बसणार. सगळ्यांना ठाऊक आहे, महिनाभर तो त्या हातपंपाला स्वतःच्या लेकरासारखा पुसतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

फार वाईट झालं.

सकाळी ट्रॅकवर चाचणी होती. अरबाब चालवायला आणि मधू शेजारी. निघताना मधूने सीटखाली तेलाचा दुसरा डबा ठेवला. मी विचारलं, कशाला, टाकी भरलीय ना? म्हणाला, "रहने दो, भाई." पहिल्या चार फेऱ्या सुंदर. पाचव्या फेरीला आम्ही कठड्याशी उभे होतो, तेव्हा लांबूनच ठोका ऐकू आला. टक्, टक्, टक्. ताशी एकशे दहा किलोमीटरच्या वेगात दांडा तुटला असता तर इंजिन फोडून बाहेर आला असता, मागची चाकं अडकली असती, आणि त्या गाडीला ना छप्पर ना पट्टा. मधूने अरबाबांच्या हातावरून झेपावून स्विच बंद केला. गाडी वाळूत जाऊन थांबली.

दोघंही धडधाकट उतरले. मी मनात तीन वेळा देवाचे आभार मानले.

येताना मधू माझ्या गाडीत बसला होता. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एरंडेलाने माखलेला, शर्ट पिळला असता तर वाटीभर निघालं असतं. सीटला एवढा मोठा डाग पडलाय. वर्तमानपत्र घालून बसायला हवं होतं, पण त्या वेळी त्याला कसं सांगणार. अ‍ॅलिसने साबण लावून घासलं, जात नाही. वासही जात नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

इंजिन मीच उघडलं. एकट्याने. सदानंद सर म्हणाले, तूच एक्स्पर्ट.

तिसऱ्या सिलिंडरची खालची वाटी. मेटल वितळलेलं नव्हतं. पापुद्र्यासारखं निघून आलं होतं, बिस्किटाएवढा एक तुकडा आणि चुरा. तेल कमी पडलं असतं तर मेटल वितळून पसरलं असतं, हे मलासुद्धा कळतं. मागे काशावर तपकिरी चट्टा होता. तिथे ते कधी धरलंच नव्हतं. धार जिथे तुटली होती, बरोबर तिथे.

सदानंद सर रिपोर्टचा कागद घेऊन आले. अरबाबला आजच कारण हवंय म्हणाले. मधूने पंप कमी मारला असणार, घाबरला असेल, ह्यूमन एरर, आपण समजू शकतो. मला फक्त एक टिक करायची होती. तेल, की बेअरिंग?

मी तेलावर टिक केली. खाली सही केली.

सर गेल्यावर तो बिस्किटाएवढा तुकडा वितळायच्या भांड्यात टाकला. बर्नर लावला. तो पुरता वितळेपर्यंत उभा राहिलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मधूला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या गोडाउनला पाठवलं. तिथे टायर मोजायचे असतात. कुणाशी भांडला नाही. हत्यारांची पेटी बंद केली आणि पंप पुसायचं फडकं घडी करून माझ्या टेबलावर ठेवून गेला. गोडाउन अल क्वोजच्याही बरंच पुढे पडतं, त्यामुळे माझ्या गाडीने येणं संपलं.

इंग्लंडला मेकॅनिक म्हणून मी जाणार. सर म्हणाले, पंप काय, कुणीही मारेल. अ‍ॅलिसने नाचायचंच बाकी ठेवलं.

सीटला मखमली कव्हर घातलं. पंचाऐंशी दिरहॅम, म्हणजे दोन हजार रुपये. डाग दिसत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज चर्चमध्ये मिस्सेला कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठलो नाही. अ‍ॅलिसने कोपर मारलं, मी गुडघा दुखतो म्हणालो. बाहेर आल्यावर बायकांनी तिला घेरलं, इंग्लंडला कोट लागेल, स्वेटर लागेल. ती मधूबद्दलही सांगत होती, बिचारा, तेलच घालायला विसरला. हे तिला मीच सांगितलंय.

परतताना बेव्हर्ली पुढे बसली. कव्हर उचलून वास घेतला, पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं आणि म्हणाली, "डॅड, इफ मधू अंकल डिड नॉट पंप द ऑइल, देन हाउ कम ही वॉज सो ऑइली?"

मी तिला म्हटलं, गप्प बस, गाडी चालवू दे.

अल नहदाचा सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

टाकी पूर्ण भरलेली होती. गाडी परत आली तेव्हा तळाशी बोटभर तेल होतं आणि दुसरा डबा रिकामा. पाच फेऱ्यांत. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. गाडीच्या मागे धूर किती निघत होता, तोही पाहिलाय. आठ दिवस त्या डागाशेजारी बसून मी गाडी चालवली, तो घासला, त्याच्यावर कव्हर घातलं. मला सीटची काळजी होती.

त्याने तेल कमी नव्हतं मारलं. दुप्पट मारलं होतं. का मारलं असेल, ते आता बारा वर्षांच्या पोरीलाही विचारायची गरज नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस धीर होत नव्हता. आज दुपारची सुट्टी घेऊन गोडाउनला गेलो. मधू टायरांच्या चळतीमागे खुर्चीवर बसून डबा खात होता. मला बघून डब्याचं झाकण पुढे केलं, त्यावर अर्धी पोळी. आठ वर्षं करतो तसंच. मी उभाच राहिलो.

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"उसी दिन सुना था," तो म्हणाला. "मेरे हाथ में तार था ना. हाथ को भी पता चलता है."

मग बोलला का नाहीस, म्हटलं. निदान बर्नर धरतो म्हणालास तेव्हा सरळ बोलायचं.

"भाई, आप बोलता था पप्पा का काम है. पप्पा का काम को मैं कैसे बोलेगा खराब है? मैं सोचा आप खुद बोलेगा. आज बोलेगा, कल बोलेगा."

आणि तरी त्या सीटवर बसलास?

त्याने घास गिळला. "कोई तो बैठता. जिसको मालूम है वो बैठे तो अच्छा. तेल मारता रहेगा."

मी रिपोर्टचं सांगितलं. टिक मी केली, तुकडा मी वितळवला. हे मात्र त्याला माहीत नव्हतं. तोपर्यंत त्याला वाटत होतं की टिक सदानंद सरांनी केली आणि मी फक्त गप्प राहिलो. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला. त्याने डब्याचं झाकण परत ओढून घेतलं, डब्यावर लावलं आणि उठून टायर मोजायला लागला. एकदाही वळून बघितलं नाही.

माझी एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अ‍ॅलिसला सांगितलं. भांडी घासत होती, नळ बंद केला. मला वाटलं इंग्लंडचं काहीतरी बोलेल, व्हिसाचं बोलेल, बेव्हर्लीच्या शाळेचं. ती म्हणाली, मधूच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्याचा डबा मी भरलाय. आणि तुझ्या तोंडचं ऐकून चर्चच्या दारात त्याला नावं ठेवली मीच. आता त्या बायकांना काय सांगू?

मी म्हटलं, माझं नाव सांग.

नळ पुन्हा सोडला. घासलेलंच पातेलं परत घासायला घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सदानंद सरांना सगळं सांगितलं. ते दार लावून आले. "इग्नेशियस, फाइल क्लोज झालीये. अरबाबला मी सांगून बसलोय की ऑपरेटर एरर. आता म्हणू की आमच्या एक्स्पर्टला ओतताच येत नाही? तुझा जॉब जाईल आणि माझीही ऑडिटमध्ये वाट लागेल. मधूला दोन महिन्यांनी परत आणतो, गुपचूप. खलास. विषय संपला."

बाहेर पडताना मला हायसं वाटलं, हे लिहायलाच हवं. जिना उतरेपर्यंत वाटलं. माणूस किती हलका असतो.

घरी येऊन पप्पांना सगळं टाइप केलं, कारण बोललेलं ऐकू येत नाही. दहा वर्षांच्या थापेसकट. शाळेच्या सभेचंही लिहिलं, का कोण जाणे. दोन निळ्या खुणा आल्या. मग व्हॉइस मेसेज, ओरडून: "सभेचं माहीत होतं मला. वाटी पुन्हा ओत. आणि ज्याच्यामुळे तुझ्या हातून जीव गेला नाही, त्याला लोकांसमोर मोकळा कर. घरात नाही, लोकांसमोर."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अरबाब सकाळी गाडी बघायला आले तेव्हा सरांना ओलांडून त्यांच्याकडे गेलो. वर्कशॉपमधले सात-आठ जण होते. हिंदी तोंडातून फुटेना. व्हिडिओसाठी थांबलो, वाटी बद्द वाजली, मी ठीक म्हणालो, मधूने दुप्पट तेल मारलं, मी खोटी टिक केली. एवढंच, याच क्रमाने. सदानंद सर फोनमध्ये काहीतरी शोधत होते.

अरबाबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "मधू को मालूम था?"

हाँ.

"फिर भी मेरे साथ बैठा."

हाँ.

ते गाडीच्या डाव्या सीटवर, मधूच्या, हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता पासपोर्ट आणि तिकीट. मग म्हणाले, गोरा साहेब एप्रिलशिवाय येत नाही आणि गाडीला तेवढा वेळ नाही. "तुम फिर से डालो. तार मधू पकड़ेगा. बजाने के बाद तुम बोलेगा, सबके सामने. इंग्लंड मधू जाएगा."

काढून टाकलं असतं तर सोपं गेलं असतं. तोंड घेऊन निघून तरी गेलो असतो.

घरी येऊन सीटचं कव्हर काढलं.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळी सहाच्या मिस्सेआधी कन्फेशन केलं. फादरांना बेअरिंग समजावता समजावता मागची रांग खोळंबली. कपाळावर राख घेऊन तसाच कामावर. रमजान असल्याने वर्कशॉप तीनपर्यंतच. अरबाब रोजा धरून, ओठ सुकलेले, तरी अकराला येऊन खुर्ची टाकून बसले. मधू कालच गोडाउनहून परत आलाय. माझ्याशी बोलत नाही.

वाटी घासली, कल्हई केली, तापवली. काडी तपकिरी झाली. ओतायला लागलो तेव्हा कुणी बोलत नव्हतं. मी कुठे बघितलं नाही, धार तुटू दिली नाही. सगळं पप्पांसारखं.

गार झाल्यावर मधूने तारेला टांगली आणि भिंतीकडे बघत धरली. मी हातोडी मारली.

बद्द.

पुन्हा मारली. बद्दच. तेवढी स्पष्ट नव्हती, थोडीशी. सदानंद सरांना नक्कीच कळली नसेल, अरबाबांनाही नाही. त्या खोलीत हे फक्त दोघांना ठाऊक होतं आणि त्यातला एक भिंतीकडे बघत होता. खरं सांगतो, "ठीक आहे" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. इतकं सगळं होऊनही. कपाळावर राख असताना.

"बद्द आहे," मी म्हणालो. मराठीतच बाहेर पडलं. मग हिंदीत म्हटलं, "खराब है. मेरे से बराबर नहीं हुआ. फिर से ओतना पड़ेगा."

सदानंद सरांनी डोक्याला हात लावला. अरबाब घड्याळ बघून उठले, नमाजाची वेळ झाली होती. मधूने वाटी तारेवरून काढली, उलटी करून अंगठ्याने चाचपली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मग बर्नरकडे जाऊन गॅसची तोटी बघून आला. "यल्ला, चलो," तो म्हणाला, "कल सुबह."

तीनला पार्किंगमध्ये तो बसस्टॉपकडे निघाला होता. मी गाडी सुरू करून तशीच उभी ठेवली, हाक मारायचा हक्क मला नव्हता. तो थांबला, परत आला आणि दार उघडलं. उघड्या सीटवरचा डाग बघितला. त्याच्यावरच बसला आणि पट्टा लावला.

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला. नॅशनल पेंट्सपाशी गाड्या हलेनात तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "वाटी थोड़ा ज़्यादा गरम रखो. आपका हाथ डरता है, धीरे डालता है."

मी हो म्हणालो. काचा बंद होत्या. गाडीत एरंडेलाचा वास होता आणि आमच्यापैकी कुणीच काच उघडली नाही.